नदी डाव्या हाताला

व्हेरिटी लॅशमचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. तिनं अजून काही केलंही नव्हतं तेव्हापासून. पॉदकरींचं शेत विकत घेतल्यावर ती चर्चमधल्या कॉफीला आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुमची ही दरी किती गोड आहे!" दरीला गोड म्हणणाऱ्या बाईवर भरवसा ठेवू नये हे मला तिथंच कळलं. पुढं जे झालं त्यानं माझं मत बदललेलं नाही. फक्त ज्यांचा मला राग येतो त्यांच्यात आणखी एका बाईची भर पडली, आणि ती बाई म्हणजे मी स्वतः.

मी हेस्टर डिबन. वय एकाहत्तर. गावातल्या फिरणाऱ्या मंडळाची मी बत्तीस वर्षं म्होरकी होते. दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा, चर्चचं फाटक. उशिरा येणाऱ्यासाठी मी एकदाही थांबले नाही आणि त्यावरून लोक माझ्या माघारी काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

आमची वाट गोल आहे. चर्चपासून उतरून फळ्यांच्या पुलापाशी नदीला लागायचं. तिथून पॉदकरींच्या लांब कुरणातून, काठाकाठानं, मैलभर जुन्या गिरणीपर्यंत. गिरणीपाशी वळून राईतून खडूच्या टेकडीवर चढायचं, माथ्यावरून सरळ चालत राहायचं आणि खोलगट गाडीवाटेनं उतरलं की आमच्या घराचं मागचं दार. एकूण चार मैल. पावसाळी दिवसात टेकडीवरून आलात तर बुटांना पांढरा लगदा लागतो, तो वाळला की घरभर पावडर होते. बाहेरून येणाऱ्यांना नदीचं कौतुक. तिचं पाणी टेकड्यांच्या पोटातून गाळून येतं, इतकं नितळ की तळाच्या गारगोट्या दिसतात आणि गारगोट्यांवर उभा असलेला मासाही. मला त्यात कौतुक वाटत नाही. नदी अशीच असायला हवी.

माझा नवरा लायनेल चाळीस वर्षं याच नदीच्या पाण्यावर जगला. वरच्या अंगाला क्रेसचे वाफे आहेत, तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून ती तिखट भाजी कापायची, जुड्या बांधायच्या, पेट्या भरायच्या. त्याची बोटं अजूनही वाकडी आहेत. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तो विसरायला लागला. आधी लोकांची नावं, मग वार, मग किटली कशासाठी असते ते. पण वाट विसरला नाही. रोज नऊ वाजता मी त्याच्या पायात बूट चढवायची, खिशात चीज आणि लोणच्याचं सँडविच घालायची आणि म्हणायची, "नदी डाव्या हाताला."

"नदी डाव्या हाताला," तो म्हणायचा आणि निघायचा.

अकराला दहा कमी असताना मागच्या पायरीवर बूट आपटल्याचा आवाज यायचा. रोज. गोल वाटेत माणसाला मागं वळावं लागत नाही. किती लांब आलो, परत कुठून जायचं, काही ठरवावं लागत नाही. पुढं जात राहिलं की घर येतं. लायनेलला तेवढंच जमत होतं आणि तेवढं पुरत होतं. आणि खरं सांगायचं तर ते दोन तास माझे होते. मी बसून चहा प्यायची, रेडिओ ऐकायची, कुणी मला तोच प्रश्न आठव्यांदा विचारत नसे. ब्रिस्टलला असलेली आमची मुलगी रोझलिंड दर फोनला एका वृद्धाश्रमाचं नाव घ्यायची. "तिथं बाग आहे, आई. कुलूपबंद आहे, पण बाग आहे." मी म्हणायची, तुझ्या बापाला चार मैलांची बाग आहे, कुलपाशिवाय. तो वाटेनं जाऊन परत येतोय तोवर तो घरी राहील, असं आमचं दोघींचं ठरलं होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी तो आलाच नाही. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. मी कोट घालतच होते तेवढ्यात क्लेम पिटमन त्याला आपल्या गाडीवरून घेऊन आला. क्लेम हा नदीचा राखणदार. मालक बदलतात, क्लेम राहतो. त्याचा बाप लायनेलबरोबर वाफ्यात होता.

"पुलापाशी फाटकाला धरून उभा होता," क्लेम म्हणाला. "हाक मारली तर ऐकेना. बोटं सोडवावी लागली."

"कुठलं फाटक? तिथं फाटक कुठंय?"

"आजपासून आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मालकीणबाईंनी काठ मासेमारीला दिलाय. लंडनहून गिऱ्हाईकं येतात, त्यांना मागं माणसं नको असतात."

"मासे काय तक्रार करतात?"

"डिबनबाई, मी फक्त खांब ठोकले. आणि एक सांगू का, अशा माणसाला एकटं सोडू नये. कुत्र्यालासुद्धा आपण पट्टा बांधतो."

मी त्याच्या तोंडावर दार लावलं. लायनेलचे हात बर्फ झाले होते. तो म्हणाला, "तिथं पुढं जाता येत नाही. मी वाट बघत होतो." कोणाची, ते त्याला माहीत नव्हतं.

जाऊन बघितलं. डोक्याएवढ्या उंचीचं तारेचं कुंपण, पुलापासून पार गिरणीपर्यंत, लोखंडी फाटक, कुलूप, आणि पाटी: खासगी. बाजूचा रस्ता म्हणाल तर तो अरुंद, त्यावरून खडीचे ट्रक धावतात, कडेला पाय ठेवायला जागा नाही. गोल तुटला होता. उरलं होतं ते जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं.

मी व्हेरिटी लॅशमकडे गेले. तिनं मला बसवलं, आल्याची बिस्किटं पुढं केली. "मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली, "पण हक्काची वाट तिथं नाहीच ना. नकाशा मी बघितलाय." मी एकही बिस्कीट घेतलं नाही.

नकाशा मीही बघितला. खरोखरच नव्हती. शंभर वर्षं लोक चालत होते, पण सरकारी नकाशावर ती ठिपक्यांची रेघ कुणी काढलीच नव्हती. मग मी कायदा वाचला. आमच्या देशात लोक एखाद्या जागेवरून वीस वर्षं चालले तर ती वाट सगळ्यांची होते. अट एवढीच, की त्यांनी काही तोडलेलं नसावं, लपूनछपून गेलेलं नसावं, आणि मालकाला विचारलेलं नसावं. शेवटची अट मी दोनदा वाचली. विचारून चाललात तर ती मालकाची मेहेरबानी, तो ती केव्हाही मागे घेईल. न विचारता मुजोरीनं चाललात तर तो तुमचा हक्क. मला हा कायदा बेहद्द आवडला. माझ्या स्वभावाचा होता.

मी अर्ज आणले आणि दारोदार फिरले. "कधीपासून चालता? कोणी अडवलं? कोणाला विचारलं?" एकतीस जणांनी भरून दिले. फक्त नॉर्मन फ्रॅम्प्टननं घोळ घातला. नॉर्मन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, विधुर आहे, आणि बोलताना असा थांबतो की समोरच्याला वाटावं वाक्य संपलं. त्याच्या अर्जावर शेवटी लिहिलं होतं: एकदा आल्फ पॉदकरींना विचारलं होतं, ते हो म्हणाले.

"हे काय लिहिलंयस?" मी त्याच्या दारात उभी राहून म्हणाले.

"विचारलं होतं, हेस्टर. नवीन राहायला आलो होतो तेव्हा. कसं... लिहू नको?"

"तुला कुणी सांगितलं होतं विचारायला? सगळं गाव चालतंय आणि हा टोपी काढून उभा! तुझ्यासारख्या सभ्य माणसांमुळंच या लोकांचं फावतं."

"खोटं नाही लिहिता येणार मला."

"मग काहीच लिहू नकोस." आणि मी तो अर्ज त्याच्यासमोर फाडला. चार तुकडे केले आणि त्याच्या पायपुसण्यावर टाकले. त्यानं वाकून एकेक तुकडा उचलला, त्यामुळं मला आणखीच चीड आली.

चौकशी लागायला वीस महिने गेले. ते वीस महिने मी कुणाच्या शत्रूलाही देणार नाही. व्हेरिटी लॅशमला देईन. रोज नऊ वाजता मी लायनेलला घेऊन निघायची, कारण नेलं नाही तर तो घरात फेऱ्या मारायचा, दारं हलवायचा, जेवायचा नाही. फाटकापर्यंत सगळं ठीक. फाटकापाशी तो थांबायचा, आणि मी म्हणायची, "चल, मागं वळ." तो वळायचा नाही. घर पुढं आहे हे त्याच्या पायांना पक्कं ठाऊक होतं, आणि ही कोण बाई त्याला घरापासून लांब ओढतेय? एकदा त्यानं माझं मनगट असं पिरगळलं की आठवडाभर काळंनिळं होतं. एकदा मी त्याला ढकललं. तो कुंपणावर आपटला आणि घाबरून म्हणाला, "मी काय केलं?" कुंपणापलीकडे एक माणूस भारीतली गळाची काठी घेऊन उभा होता, तो नम्रपणे दुसरीकडे बघायला लागला. मी त्याला जे बोलले ते चर्चमधल्या बाईनं बोलू नये असं होतं.

नोव्हेंबरमध्ये गावच्या सभागृहात चौकशी झाली. सरकारनं पाठवलेला अधिकारी हडकुळा होता, सारखा हात चोळत होता, कारण हीटर एकच आणि तो चहाच्या टेबलाशी. आमच्या बाजूनं मी. व्हेरिटीच्या बाजूनं साउथॅम्प्टनचा एक वकील, मिस्टर क्रेल, मऊ आवाजाचा. सगळं गाव जाडजूड कोटांत बसलेलं. नॉर्मनही तिसऱ्या रांगेत होता. त्याला बोलावलं नव्हतं, तरी आला होता.

माझी साक्ष झकास झाली. तारखा, माणसं, बर्फ पडलेली वर्षं, सगळं तोंडपाठ. मग क्रेल उठला.

"मिसेस डिबन, या बत्तीस वर्षांत तुम्ही मालकांकडे कधी परवानगी मागितली?"

"कधीच नाही. आणि मागणारही नाही."

लोक हसले. क्रेलही हसला. मग त्यानं पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, झाकणावर राणीचं चित्र असलेला, आणि मी तो लगेच ओळखला. तो डबा आल्फच्या बायकोच्या, ऑलिव्ह पॉदकरीच्या स्वयंपाकघरात, ताटांच्या कपाटावर असायचा.

हे सांगायला हवं. आमच्याकडे जानेवारीत कडू संत्री येतात, तीन आठवडे मिळतात. त्यांचा मी मार्मलेड, म्हणजे मुरंबा करते, साली जाड कापून, दोन दिवस भिजवून. पहिली बरणी ऑलिव्हला. आईनं शिकवलं होतं, ज्याच्या रानातून जातो त्याच्या दारात वर्षातून एकदा तरी उभं राहावं, रिकाम्या हातानं नाही. बरणीबरोबर एक चिठ्ठी असायची. आल्फ गेला, मग ऑलिव्ह गेली, मुलांनी शेत सामानासकट विकलं. कपाटही गेलं, डबाही गेला. ऑलिव्हनं माझ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"बावीस आहेत," क्रेल म्हणाला. "एक वाचू? 'प्रिय ऑलिव्ह, यंदाचा मुरंबा. सालं जरा जास्त झाली आहेत. गेलं वर्षभर आम्हा सगळ्यांना नदीकाठानं जाऊ दिलंस त्याबद्दल मंडळातर्फे मनापासून आभार. या वर्षीही गेलो तर चालेल ना? तुझी हेस्टर.' हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"'चालेल ना' असं तुम्ही विचारलंय."

"ते विचारणं नव्हे! तसं लिहितात."

"आणि त्या काय म्हणायच्या?"

मला ऑलिव्हचा आवाज आला. पिठाचे हात, कोपरानं दार ढकलणारी. "म्हणायची, अगं त्यात विचारायचं काय, खुशाल जा."

"म्हणजे त्या हो म्हणायच्या."

"ती चांगली बाई होती. मी चांगली वागत होते. त्याला परवानगी म्हणत नाहीत!"

"दर वर्षी. सगळ्यांतर्फे," क्रेल हळूच म्हणाला आणि बसला.

अधिकाऱ्यानं काहीतरी लिहून घेतलं. मी समोर बघितलं. एकतीस माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. फक्त नॉर्मन माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आनंद असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या गावात राग आला की लोक हवेबद्दल बोलतात. दुसऱ्या दिवशी दुकानात मला तिघांनी सांगितलं की यंदा थंडी लवकर पडली. ब्रेडच्या रांगेत माझ्या मागं कुणी उभं राहिलं नाही. डिसेंबरमधल्या रविवारी मी दहा वाजता चर्चच्या फाटकापाशी उभी राहिले आणि कोणीच आलं नाही. पहिल्यांदाच मी थांबले. साडेदहापर्यंत थांबले.

जानेवारीत निकालाचं पत्र आलं. वाट परवानगीची होती, हक्काची नाही. त्याच संध्याकाळी नॉर्मन आला. दारात उभा राहिला, मी आत बोलावलं तरी पायपुसण्यावरच.

"सहा आठवड्यांत वरच्या कोर्टात जाता येतं," तो म्हणाला. "एक वकीलबाई आहेत, त्या फुकट लढायला तयार आहेत. त्या म्हणतात, निम्म्या गावाला तुझ्या चिठ्ठ्यांची कल्पनाच नव्हती. ज्यांना माहीत नाही, त्यांनी परवानगी... घेतली असं कसं म्हणणार?"

"म्हणजे अजून आशा आहे?"

"थोडी. फक्त एक कर, हेस्टर. आता कुणाला काही लिहू नकोस. एक ओळसुद्धा नाही. तुझा आणखी एक कागद त्यांच्या हाती पडला तर संपलं."

"मी काय वेडी आहे?"

"नाही," तो म्हणाला. "सभ्य आहेस." आणि गेला. मला ते लागलं. लागावं म्हणूनच तो बोलला होता आणि त्याचा तो हक्क होता.

चारच दिवसांनी मी भिजवलेल्या संत्र्यांच्या साली शिजत टाकत होते. हात चिकट, रेडिओ चालू. लायनेल खुर्चीत होता. मग खुर्चीत नव्हता. मागचं दार उघडं होतं, बूट जागेवर होते, तो सपाता घालून गेला होता. मी पुलापर्यंत पळत गेले. फाटकापाशी कुणी नव्हतं. मग पुढं, बरंच पुढं, पाण्यात मला त्याची टोपी दिसली. टोपीखाली तो होता. कुंपण पाण्याच्या कडेला संपत होतं, त्यामुळं तो कुंपणाला वळसा घालून सरळ नदीत उतरला होता आणि गिरणीच्या दिशेनं चालला होता, पोटापर्यंत पाण्यात, जानेवारीच्या भरलेल्या पाण्यात. चाळीस वर्षं पाण्यात उभा राहिलेला माणूस. हळूहळू, शांतपणे चालला होता. मी तारेला धरून ओरडत होते आणि मला आत जाता येत नव्हतं.

क्लेम पिटमननं त्याला बाहेर काढलं. आपला कोट घालून घरी आणला, माझ्याबरोबर त्याचे कपडे उतरवले, पाय चोळले. डॉक्टर येऊन गेल्यावर मात्र त्याचा तोल सुटला.

"गिरणीपाशी पाणी दोन पुरुष आहे! मी पलीकडच्या काठाला असतो तर?"

"तुझं कुंपण नसतं तर?"

"परत तेच! बाई, तुमच्या भांडणापायी हा मरेल. तुमच्या दोघींच्या!" तो खाली बसला आणि चेहरा पुसला. "डॉक्टर तपासत होते तेवढ्यात मी मालकीणबाईंकडे जाऊन आलो. म्हटलं, म्हातारा नदीत होता. त्या रडल्या. खरंच रडल्या, तोंड नका वाकडं करू. म्हणाल्या, नऊ ते अकरा फाटक उघडं ठेव, त्याला जाऊ दे. त्याला एकट्याला."

"आणि?"

"आणि तुम्ही लिहून द्यायचं. त्यांच्या वकिलाची अट आहे. की मागितलंय म्हणून दिलंय. की सगळं गाव आजवर मालकाच्या मर्जीनंच जात होतं. सही, तारीख. दर वर्षी."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी उद्या कुंपण पाण्यातसुद्धा घालणार आहे. तसं सांगितलंय मला."

त्या संध्याकाळी रोझलिंडचा फोन आला. डॉक्टरांनी तिला कळवलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आई, सोमवारी येते. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे." मी म्हणाले, दोन दिवस दे. फोन ठेवून मी लायनेलकडे बघितलं. तो खिडकीशी बसून बोटांनी काचेवर काहीतरी कापत होता, जुडी बांधत होता. पाय जमिनीवर चालत होते.

मला नॉर्मनचं म्हणणं आठवत नव्हतं असं नाही. शब्द न् शब्द आठवत होता. मला कायदा कळत होता, गाव कळत होतं, शंभर वर्षांनी जन्मणारी माणसं कुंपणाबाहेर उभी राहतील आणि का ते त्यांना कळणारही नाही, हेही कळत होतं. आणि मला व्हेरिटी लॅशमचा भयंकर राग आला होता. तरी मी कागद घेतला. मुरंबा शिजून झाला होता, बरणी गरम होती. जसं लिहीत आले तसंच लिहिलं. 'प्रिय मिसेस लॅशम, यंदाचा मुरंबा. माझ्या नवऱ्याला नदीकाठानं जाऊ द्याल का? आम्ही सगळे आजवर मालकांच्या परवानगीनंच जात आलो, त्याबद्दल आभार.' सही केली आणि स्वतःच्या पायांनी जाऊन दिली.

व्हेरिटीनं ती उभ्यानं वाचली. डोळे सुजलेले होते. "थँक यू, हेस्टर," ती म्हणाली, "मला हे असं नको होतं." मग जरा घुटमळून, "तारीख घालायची राहिली तेवढी." मी तिच्याच पेननं तारीख घातली. मुरंबा तिनं घेतला. तिनं तो खाल्ला असेल तर तिला कळलं असेल, साखर मी नेहमीच्या निम्मीच घातली होती.

नॉर्मनला मी स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला वाटलं नाही. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आज धुकं फार आहे, नाही?" आणि दार लावलं. हळूच लावलं.

सोमवारी रोझलिंड यायच्या आधी, नऊ वाजता, मी लायनेलला बूट चढवले, सँडविच खिशात घातलं. "नदी डाव्या हाताला." तो निघाला. मी पुलापर्यंत मागं मागं गेले. फाटक उघडं होतं, शेजारी क्लेम उभा होता. लायनेल थांबला, टोपी काढली, म्हणाला, "जाऊ ना?" आणि क्लेमनं मान हलवली. मग तो आत गेला, आणि क्लेम माझ्यासमोर आडवा उभा राहिला. मी परत आले. तीच वाट, उलट्या दिशेनं.

अकराला दहा कमी असताना मागच्या पायरीवर बूट वाजले. नाक लाल, बुटांना पांढरा खडू, आणि तोंडभर हसू. दोन वर्षांत मी ते हसू बघितलं नव्हतं. रोझलिंड दारात उभी होती. तिनं बघितलं आणि हातातलं आश्रमाचं पत्रक पर्समध्ये परत ठेवलं.

मी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"फार छान आहे तिकडं," लायनेल मला म्हणाला. मला ओळखून की न ओळखता, ते मला अजूनही सांगता येणार नाही. "तुम्ही का येत नाही? या की उद्या. कुणी काही म्हणत नाही. वाट सगळ्यांची आहे."